जोडणीची अट

दहा दिवसांचं दूध-बिल निघायचं होतं पहाटे पाचला.
पावणेतीनला सर्व्हर बसला.
बसला म्हणजे म्हैस वाटेत बसते तसा,
शेपटी पिरगाळली तरी हलेना.

उद्यमनगरात फाउंड्रीच्या गाळ्यावर आमचं ऑफिस.
खाली रात्रपाळीची भट्टी,
वर पंखे आधी किंचाळले, मग गप्प झाले.
लॉग उघडला. मेमरी संपली,
एवढंच लिहिलेलं, शंभरदा.

सभासद चार हजार दोनशे बारा.
सकाळ-संध्याकाळ धरून दहा दिवसांच्या नोंदी
चौऱ्याऐंशी हजार दोनशे चाळीस.
आणि मी, दुपारी, डबा उघडायच्या घाईत,
दोन टेबलं जोडताना
कुठलं दूध कुणाचं
ही एक ओळ खोडून ठेवलेली.
तपासायला म्हणून.
परत लिहायची राहिली.

मग त्यानं, बिचाऱ्यानं, सांगितलं तेच केलं:
प्रत्येकाच्या नावावर प्रत्येकाचं दूध.
शेणगावच्या शांताक्का शिणगारेंची दीड लिटरची धार
चार हजार दोनशे बारा घरांत.
सुबराव डोण्यांच्या खात्यात
जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या म्हशी,
आणि शेण काढायला एकही नाही.
पस्तीस कोटी अठ्ठेचाळीस लाख ओळी.
अकरा मिनिटं
इथं कुणाचं काही वेगळं नव्हतं.
बाराव्या मिनिटाला जागा संपली.

संघातनं येरुडकरांचा फोन.
‘ताई, मशिन मेलं काय ओ?’
‘मेलं नाही. जरा जास्त खाल्लं.’
‘मग रवंथ करू दे की,’ म्हणाले,
आणि हसले नाहीत.
‘पाचला गाडी सुटती. बिलं पाहिजेत.’

ओळ परत लिहिली.
सत्तावीस अक्षरं, मध्ये एक बरोबरचं चिन्ह.
चार सेकंदांत ज्याचं दूध त्याच्या नावावर गेलं.
शांताक्कांना पशुखाद्य वजा जाता
सहाशे अठरा रुपये.
मी तो आकडा दोनदा वाचला. बरोबर होता.

उजाडायला तौफिकनं गंगावेशीत नेलं,
धारोष्ण पेला हातात दिला.
‘कुणाच्या म्हशीचं?’ मी विचारलं,
सवयीनं.
धार काढणारा वर न बघता म्हणाला,
‘प्यायचंय, का सातबारा काढायचाय?’

प्यायले.
ओठावरचा फेस पुसताना आठवलं:
दुपारी ती ओळ
मी दोन ठिकाणी खोडली होती.