चौथा घटक

राज्याचे चार घटक. पेपर दुसरा, गुण अठ्ठावन्न.
लोकसंख्या: मी आणि उज्मा.
भूप्रदेश: घणसोलीची खोली,
गॅस सरकवल्याशिवाय दार उघडत नाही.
शासन घरमालकिणीचं, पाणी पावणेसातपर्यंत.
चौथा मी ऑप्शनला टाकला होता.

आता महापेत हेडफोन लावून
लोकांना थकलेल्या हप्त्यांची आठवण करून देते.
पगार एकोणीस हजार; शिक्षणाचा हप्ता सहा हजार दोनशे,
पाच तारखेला, मला न विचारता, कापला जातो.

काल यादीत नाव आलं: डोंगरदिवे सर,
राज्यशास्त्र, तासिका तत्त्वावर.
"कॉल रेकॉर्ड होतोय, सर."
"होऊ दे. आवाज सुधारलाय तुझा.
तोंडीला केवढी घाबरायचीस."

मग कुणीच बोललं नाही.
शेरा लिहिला: भरतो म्हणाले.