एक छेद पन्नास

अनंत चतुर्दशी, रात्रीचा दीड.
जेल रोडच्या वळणावर मिलची झांकी अडकून उभी.
पुढे आखाड्याची पोरं लाठी फिरवतायत,
मागे जनरेटर धडधडतोय,
मध्ये कालिया नाग, पाच फणांचा,
फणाफणावर एलईडीची माळ,
आणि माझ्या कॅमेऱ्यात
त्या सगळ्यावरून सावकाश वर चढणारे
काळे पट्टे,
ओल्या फडक्याने कुणी फळा पुसत जावा तसे.

मान वर केली की नाग लखलखीत.
मान खाली केली की पट्टे.
लेन्स पुसली. बॅटरी बदलली.
एक चापटही मारली कॅमेऱ्याला,
आतेभावाने डॅलसहून आणलेल्या,
ज्याचे पैसे अजून मी फेडतोय.

"भिया, त्याला का मारता?"
जनरेटरशेजारच्या खोक्यावरून गेंदालालजी म्हणाले,
मिलचे जुने वायरमन,
साळखात्यातल्या मास्तरांकडून उचललेल्या मराठीत.
"तो खोटं नाही बोलत.
दिवे विझतायत.

सेकंदाला शंभरदा.
वीज इकडून तिकडे, तिकडून इकडे,
प्रत्येक खेपेला वाटेत शून्य लागतं.
जुना बल्ब होता तोवर कळायचं नाही.
तार तापलेली. शून्य येऊन जायचं,
तार लाल ती लालच.
निवायलाही सवड लागते ना माणसाला.
याला तापणंच ठाऊक नाही.
आहे तर आहे, नाही तर नाही.
चांगल्या दिव्यात कपॅसिटर असतो,
मुठीत थोडं राखून ठेवतो, तेवढ्या वेळापुरतं.
ही सियागंजची माळ, शंभर रुपयांची.
हिच्या गाठीला काय असणार?"

मग बिडी पेटवली. डाव्या हाताने.
उजव्याला दोन बोटं कमी.

"ट्यूबलाईट आल्या त्या वर्षी," म्हणाले,
"साळखात्यात फिरतं चाक थांबल्यासारखं दिसायचं.
दिव्याच्या लयीत त्याची लय बसली
की आरे जागच्या जागी उभे.
आवाजाचं म्हणाल तर एवढे माग,
त्यात एकाचा आवाज कोण ऐकतो?
मी पट्टा सारखा करायला हात घातला.
चाक उभं होतं, भिया.
देवाशपथ उभं होतं."

आखाडा दहा पावलं सरकला.
झांकीही सरकली, कृष्णाची बासरी डुगडुगली.
मिलला कुलूप, वर्गणी चालू;
खोक्यावर कुणीतरी खडूने हिशोब मांडलेला.

"मग साहेबांनी दिव्यांच्या रांगा
तीन फेजवर वाटल्या,
लाल, पिवळी, निळी.
एक विझायची तेव्हा दुसऱ्या पेटलेल्या.
ते वायरिंग माझंच.
उरलेल्या आठांनी केलं."

बिडी विझली होती. त्यांनी ती कानावर ठेवली.

"शटर किती ठेवलंय?"
"एक छेद साठ."
"साठ डॅलसची. आपली पन्नास."

चाकी एक घर फिरवली.
पट्टे गेले.
नाग कॅमेऱ्यातही तसाच जसा रस्त्यावर,
फक्त पाचव्या फणेवरची माळ काळी.
ती खरीच बंद पडलेली.
गेंदालालजींनी वर चढून तिला टिचकी मारली.

सकाळी एडिटिंगला बसलो.
पट्ट्यांची पावणेचार मिनिटं पुसून टाकणार होतो.
त्यात एका जागी ते फ्रेममधून जातात.
पट्टा त्यांच्या अंगावरून चढतो:
गुडघा नाही, गुडघा आहे,
खांदा नाही, खांदा आहे.
मी मागे नेलं, थांबवलं.

एका फ्रेममध्ये पट्टा
नेमका उजव्या हातावर आलाय.
तिथे किती बोटं आहेत
ते सांगता येत नाही.