गाळणकागद

रात्रभर गच्चीवर ठेवलेला कागद
चिमट्यानं उतरवतो.
काल पांढरा होता. आज गव्हाळ,
एका कडेला काजळ.
हिशेब लागतो : एकशे एकतीस.
नियम : शंभर.
वरचे एकतीस कुणाचे?

बैठकीत नकाशा पसरला,
सोलापूरभोवती गुलाबी रेघ.
रेघेच्या आत रस्ते झाडायचं यंत्र,
दुभाजकात रोपं, चौकात कारंजं.
बाहेरच्या वीटभट्ट्या, पेटलेलं पाचट,
क्रशरची पिठूळ दुपार
दुसऱ्या फायलीत.

मागून गुंडेटी उठले.
चाळीस वर्षं यंत्रमागावर, कान गेलेले,
म्हणून ओरडूनच बोलले :
"साहेब, नुसत्या किनारीनं टॉवेल होत न्हाई.
आमच्यात किनार अन् पोत
एकाच मागावर निघतंय."

कुणी हसलं. चहा आला.
साहेबांनी मात्र खोडरबर मागितलं.
रेघ मंद्रूपपर्यंत गेली, मोहोळपर्यंत गेली,
तुळजापूरच्या वाटेवर अडखळली :
पुढं दुसरा जिल्हा,
दुसरे साहेब.

आज वारा नेमका तिकडूनच.
नवा कागद लावतोय, नंबर लिहून.
लावताना श्वास रोखायची सवय आहे मला,
माझं काही त्यात
मोजलं जाऊ नये म्हणून.