गाळाचा हिशेब

गंगापूर धरणात आम्ही गाळ मोजतो.
होडी चिंधू बेंडकुळ्यांची, दोरी सरकारी,
दोरीच्या टोकाला शिशाचं वजन
आणि वहीत सही माझी.

"बाई, इथं पुरुषभर बांबू बुडायचा,"
चिंधूभाऊ हात थांबवतात,
"आता वल्हंच टेकतंय."
मी लिहिते : खोली, दिनांक, वेळ.
वल्हं टेकल्याच्या आवाजाला रकाना नाही.

गाळ म्हणजे काय, तर
ब्रह्मगिरीचा झिजलेला काळा खडक,
त्र्यंबकच्या उतारावरची भातखाचरं,
एखादा बांध, ज्यावरून दोन भाऊ कोर्टात गेले
आणि तारखेआधी बांधच वाहून गेला.
गंगेने हे उचललं ते पुढे न्यायला.
आम्ही मध्ये भिंत घातली.
मागितलं होतं फक्त पाणी.

ती जिथे संपते तिथला अप्पलस्वामी
मला एका प्रशिक्षणात भेटला होता.
तोही मोजतो. दोरीने नाही, पावलांनी,
घराच्या उंबऱ्यापासून लाटेपर्यंत.
पहिल्या वर्षी दोनशे दहा.
मग एकशे चाळीस.
मग तो आकडे सांगेनासा झाला,
मीही विचारेनाशी.
गेल्या पौर्णिमेला फोन आला :
"आज मोजलं नाही, मॅडम.
उंबरा सापडला नाही."

काय काय केलं ते सांगत राहिला.
दगड रचले, दगड वाळूत बुडाले.
पिशव्या भरल्या, त्यासाठी वाळू
शेजारच्या किनाऱ्याची काढली,
तर शेजारचा किनारा खचला.
खारफुटी लावली, ती तग धरून आहे,
पण तिला वर्षं लागतात
आणि समुद्राला एक रात्र.
"वर चढणारं पाणी एक वेळ सोसलं असतं,
खालून भर घालणारं कुणी उरलं नाही.
पूर्वी नदी आणायची."

खिडकीबाहेर डंपर भरत होते.
गाळ फुकट, वाहतूक ज्याची त्याची.
गिरणाऱ्याच्या बागांत पसरतात तो,
वेली त्यावर जीव धरतात.
हे मी त्याला सांगितलं नाही.
फेब्रुवारीत पेटी येते घरी.
एक मणी तोंडात टाकते.
गोड असतो. त्याचंच वाईट वाटतं.

ऑगस्टात दरवाजे उघडले,
दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला,
होळकर पुलावर माणसं मोबाइल उंचावून उभी.
पाणी जाड, चहासारखं.
"गेलं बघा थोडं," चिंधूभाऊ म्हणाले,
पोरीला सासरी धाडल्यासारखे.
पुढे किती बंधारे आहेत
ते मला माहीत होतं. मी गप्प राहिले.

वार्षिक अहवालात शेवटी 'इतर शेरा' असतो.
सतरा वर्षं तिथे 'निरंक' लिहिलं.
यंदा लिहिलं : हा गाळ दुसऱ्याचा आहे.

फाइल परत आली.
खाली लाल शाईत साहेबांचं अक्षर :
कोणाचा? कागदपत्रे जोडावीत.