उणे चाळीस

उणे चाळीस म्हटलं की आमच्या गावात, विंडेल्नला,
माणसं आधी खिडकीबाहेरच्या तापमापकाकडे बघतात.
मी त्याच आकड्याने बोलणं चाळते.
उणे चाळीस डेसिबलच्या खाली जे काही, ती शांतता.
अर्ध्या सेकंदाहून लांबली तर कापायची.
एकच बटण.
पडद्यावरची निळी पट्टी आटते,
गरम पाण्यात घातलेल्या लोकरी स्वेटरसारखी.

संग्रहालयाच्या बुर्मानबाईंनी बजावलंय:
हेडफोन लावून माणूस चार मिनिटं उभा राहतो,
पाचव्याला पाय बदलतो, सहाव्याला कॅफेत.
आणि हिल्डिंग सेल्स्टेड यांची मुलाखत बावन्न मिनिटं.

वय एक्क्याण्णव. नदीतून ओंडके हाकणाऱ्या टोळीतले.
बोलतात कसे, तर पैसे मोजून दिल्यासारखे:
एक वाक्य, मग घड्याळ,
मग फ्रिजची घरघर,
मग कप बशीवर, मग दुसरं वाक्य.
मी बटण दाबलं. एकवीस मिनिटं गळाली.
म्हातारा चुरचुरीत झाला,
हवामान सांगणाऱ्या पोरासारखा.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाठवायच्या आधी एकदा ऐकून घेते, ती सवय.
विचारणारा योआकिम, माल्मोचा, भला मुलगा.
तो विचारतो:
एवाल्ड ओंडक्यांच्या कोंडीवर चढला तेव्हा
त्याच्या कमरेचा दोर तुमच्या हातात होता का?

लगेच पुन्हा विचारतो:
दोर तुम्हीच धरला होता?

आणि तिसऱ्यांदा, जरा हळू:
म्हणजे, दोर. तुमच्याकडे होता?

मग हिल्डिंग म्हणतात:
त्या वर्षी बर्फ लवकर फुटला.

अरेरे, म्हटलं, टाळतोय म्हातारा.
टाळू दे. सख्खा भाऊ होता.
कॉफी ओतायला उठले
आणि किटली हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आमच्याकडे ‘हो’ बोलत नाहीत.
ओठांचा चंबू करायचा आणि हवा आत ओढायची,
दाराच्या फटीतून वारा शिरावा तेवढा आवाज.
आई म्हणायची तसंच. दुकानदार म्हणतो.
लग्नाच्या वेदीवर नवऱ्या मुलीसुद्धा म्हणून जातात
आणि पाद्रीबुवा काही अडून बसत नाहीत.
माल्मोच्या मुलाला हे कुणी सांगणार?

मागे, मागे, मागे.
एकवीस मिनिटं परत आली, फ्रिजसकट.
आकडा खाली नेला, उणे अठ्ठावन्न.
कान बंद डब्यासारखे दाबून धरले.

दोर तुमच्या हातात होता का?
घड्याळ. घड्याळ.
फूत.
दोर तुम्हीच धरला होता?
फूत.
म्हणजे, दोर. तुमच्याकडे होता?
इथे बशी थरथरते, आणि मग
सगळ्यांत लांब, छातीच्या तळापर्यंत ओढलेला.

सत्तर वर्षं आत ठेवलेली गोष्ट
त्याने आतच सांगितली,
एकदा नाही, तीनदा.
मौन म्हणजे संमती, असं म्हणतात.
माझ्या यंत्राने संमतीच मौनाच्या खात्यात टाकली
आणि खातं बंद केलं.

बुर्मानबाईंना फोन लावला.
अकरा मिनिटं होतील, म्हटलं, त्याहून कमी नाही.
त्या म्हणाल्या, पण त्या जागी तो काही बोलतच नाही.
मी म्हटलं, बोलतो.
रेषा सपाट दिसते, त्या म्हणाल्या, मी बघतेय ना.
मग बराच वेळ फक्त त्यांच्या खुर्चीची करकर.
मग, तुझी खात्री आहे?

मी ओठ आवळले, हवा आत घेतली.

हॅलो? त्या म्हणाल्या.
हॅलो, आहेस ना लाईनवर?