उलबोसिनची वही

अराल्स्कच्या पलीकडे, समुद्र जिथून उठून गेला
आणि जाताना मीठ विसरला,
तिथे उलबोसिन राहते.
तिच्या नावाचा अर्थ ‘मुलगा होवो’.
चार मुलींवर पाचवी झाली तेव्हा बापाने नाव ठेवलं
आणि उंटिणी हाकत निघून गेला.
दुसऱ्याच्या नवसाचं नाव घेऊन जगलेली बाई
आता एकसष्टाव्या वर्षी
दिवसातून चारदा बोट टोचते.

वही नातवाची, चौकटींची.
पुढून त्याचे भागाकार, मागून हिची दुधं.

‘सोमवार. चहात पाकिटाचं दूध, दोन वाट्या. नऊ पॉइंट दोन.
मंगळवार. मेरुएर्तने अल्माटीहून पाठवलेलं ओटचं दूध.
गाय नाही, उंटीण नाही, कुणाची कास नाही,
तरी अकरा पॉइंट चार!’
(उद्गारचिन्ह तिचंच. फोनवर लेकीला म्हणाली,
गवताच्या बियांना एवढा माज कुठून?)
डॉक्टर काम्शातने सांगितलं, दळताना त्यातला पिठूळपणा फुटतो,
त्याची साखर होते, आणि साखर कधी ओळख विचारत नाही.

‘बुधवार. दही. सात पॉइंट एक.’
यावर ती खूश. काम्शात अर्धीच खूश:
दुधाच्या निवळीला इन्सुलिन लगेच धावतं, आजी,
साखर फार चढली नसली तरी.
दारावर टकटक व्हायच्या आधीच
उठून बसणाऱ्या सुनेसारखं.
उलबोसिन हसली. ती अशी सून होती, तेहतीस वर्षं.

‘गुरुवार. शुबात, एक कासा. सहा पॉइंट आठ.’
हे तिने दोनदा अधोरेखित केलं
आणि गोळीची पट्टी खिडकीतून फेकायला निघाली.
काम्शातने मनगट धरलं.
उंटिणीचं दूध चांगलं. पण ते औषध नाही,
आणि एका गुरुवारवर आयुष्य तोलायचं नसतं.

मग ती गाभण गाईंचं सांगू लागली,
पोटात वासरू असतानाही रोज पिळतात मोठ्या गोठ्यांत,
त्या दुधात आईपणाचे निरोप उतरतात, थेंबाथेंबाने.
आपल्या अंगात त्यातले किती पोचतात,
किती वाटेतच विरतात,
यावर शहाणे अजून भांडतायत.
उलबोसिनने एवढंच टिपलं:
‘दूध म्हणजे दुसऱ्याच्या लेकराला लिहिलेलं पत्र.
आपण मधेच फोडून वाचतो.’

शुक्रवारी अक्मोइनचं पिल्लू मेलं.
तीन दिवसांचं, अजून पाय वाकडे पडत होते.
त्या रात्री उलबोसिनने काही घेतलं नाही.
ना चहा, ना दूध, ना पाव.
सकाळी सवयीने बोट टोचलं.
बारा पॉइंट शून्य.

पट्टी खराब असेल म्हणून दुसरी लावली.
बारा पॉइंट एक.

काम्शात फोनवर बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, दुःखात अंगच साखर सोडतं, आजी.
पळावं लागेल या भीतीने
काळीज म्हणतं, घे, हे घे, लाग वाटेला.
कुठे पळायचं होतं तुम्हाला?

अक्मोइन दुपारभर उभी, मान वाऱ्याकडे.
कास तट्ट. सून हात लावायची तर लाथ.
पिल्लाने तोंड लावल्याखेरीज पान्हा सुटत नाही,
हे उलबोसिनला वहीशिवाय ठाऊक.
ती बादली न घेताच गेली.
उंटिणीच्या कुशीला गाल लावून उभी राहिली,
बोलली नाही, गायली नाही,
चार बहिणींनंतरची पाचवी, नुसती उभी.

बराच वेळ.
मग तिच्या बाहीवर ओल उतरली, कोमट, खारटसर.
पुसून न टाकता ती तशीच आत आली
आणि मागच्या पानावर लिहिलं:

‘शनिवार. अक्मोइन पान्हावली.
दूध प्यायले नाही.
साखर बघायची राहिली.’