टाकीच्या तोंडाशी

जुबैलमध्ये माझं काम म्हणजे बसून राहणं.
टाकीच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची,
मांडीवर वही: कोण आत गेला, किती वाजता,
कोण बाहेर आला.
गळ्यात शिट्टी, कमरेला मीटर.
पगार बेताचा, ऊन भरपूर.

आम्ही भरतो तो वायू दिसत नाही, जळत नाही.
नाव मात्र शाळेतल्या पोरांनाही पाठ,
गावातल्या बदनाम माणसाचं असतं तसं.
काही सिलिंडर दम्मामला जातात, सोड्याच्या बाटल्यांत ढेकर व्हायला.
काही लाल अंगाचे, भिंतीला टांगलेले,
आगीची वाट बघत म्हातारे होतात.
काही काकडीच्या काचघरांत;
बाहेर वाळू उडत असते
आणि आत वेली त्याला पिऊन पानं काढतात.
बंदरावर त्याचा कोरडा बर्फ होतो,
हामूरच्या पेटीतून धूर निघतो, पाणी निघत नाही.

आणि समुद्राचं पाणी गोडं करतात ना,
ते मीठ काढल्यावर इतकं उपाशी असतं
की पाइप खायला उठतं.
मग त्यात हा मिसळून ते चुनखडीतून सोडतात,
तेव्हा कुठं त्याला पाण्याची चव येते.
हे मला उशिरा कळलं.
तोवर अकरा वर्षं मी ते पीत होतो.

झुलेखाचा पित्ताशय काढला तेव्हा
डॉक्टरांनी तिचं पोट ह्यानंच फुगवलं होतं, तंबूसारखं,
आत हात फिरायला जागा हवी म्हणून.
दोन दिवस तिचा खांदा दुखत होता.
नर्स म्हणाली, राहिलेला गॅस आहे, जाईल.
झुलेखानं माझ्याकडं बघितलं:
"तुमच्याच कंपनीचा का?"
हसली, आणि टाके धरून रडली.

वडील खेडच्या आसपास विहिरी उपसायचे.
उतरण्याआधी दोराला कंदील बांधून सोडत.
कंदील विझला की म्हणत,
"आज विहीर झोपलीय. उठवू नका."
मला मीटरचं ट्रेनिंग दिलं त्या दिवशी
मी मनात म्हटलं, हा तर आमचाच कंदील.

राजय्या करीमनगरचा. पाना आत विसरला होता.
जेवणाची सुट्टी. मी बाटली भरायला गेलो होतो.
चार मिनिटं.
परत आलो तर खुर्चीपाशी त्याची चप्पल
आणि मीटर ओरडतोय.
वाकून पाहिलं: तळाशी तो कुशीवर,
एक हात डोक्याखाली,
दुपारी कॅम्पमध्ये झोपतो अगदी तसा.

पाय आत जायला निघाले होते. खोटं कशाला सांगू.
पण एकामागं दुसरा, दुसऱ्यामागं तिसरा,
विहिरी अशाच भरतात, हे मी ज्या घरात वाढलो
तिथं जेवताना बोलायचे.
मी शिट्टी फुंकली.
दात हलतील इतकी फुंकली.
पाठीवर हवा बांधलेली माणसं आली, उतरली,
त्याला वर काढलं.

अँब्युलन्समध्ये त्याच्या नाकापाशी बारीक नळी,
आणि पडद्यावर एक सपाट पिवळी रेघ.
मुलगा पिशवी दाबत होता, मल्याळममध्ये काहीतरी मोजत.
मग रेघ उचलली.
एक टेकडी. खाली आली. पुन्हा टेकडी.
"हे काय?" मी विचारलं.
"कार्बन डायऑक्साइड. त्याच्या आतून येतोय.
म्हणजे आत चूल पेटलेली आहे."

मी त्या टेकड्यांकडं बघत राहिलो.
तळाशी दबा धरून बसलेला तो,
आणि हा, एकच.
रेघेवर उभा राहून साक्ष देत होता.

संध्याकाळी सुपरवायझरनं वही मागितली.
राजय्याच्या नावापुढं 'आत'चा रकाना कोरा.
तो मी कोराच ठेवला, माझी चार मिनिटं त्यात आहेत.
'बाहेर'च्या रकान्यात वेळ लिहिली:
बारा एकेचाळीस.
टाकीतून काढल्याची नाही,
पहिल्या टेकडीची.